जहाजाच्या पोटात सायकल!

चारी बाजूंना समुद्र. जमिनीचा मागमूस नाही. किनारा कित्येक दिवसांच्या वाटेवर. आणि अशा ठिकाणी एक माणूस मजेत सायकल चालवतोय!

थापा नाहीत हं, अगदी खरं! अर्थात, तो पाण्यावर सायकल चालवत नव्हता. तो होता एका जहाजाच्या पोटात. जहाजाचा मधला मजला रिकामा होता, लांबच लांब. एवढी मोकळी जागा बघून त्याला राहवेना. मग काय, मारली टांग! सायकलचा कंटाळा आला की तो पायांत चाकांचे स्केट्स घालून घसरायचा.

ओळख बघू, कोण असेल हा? एखादा मस्तीखोर पोऱ्या? छे! तो त्या जहाजाचा कप्तान होता! कप्तान रिचर्ड वुडगेट. फोटो काढायचा नाद, कुत्री पाळायची हौस आणि जहाज असं हाकायचा की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

त्याच्या जहाजाचं नाव कटी सार्क. त्याला इंजिन नव्हतं. डिझेल नाही, कोळसा नाही, वीज नाही. नुसती शिडं आणि वारा! तरी त्यानं एकदा इंजिनवाल्या आगबोटीला मागे टाकलं होतं. ती गंमत सांगणारच आहे, पण जरा दम धर. आधी हे जहाज बांधलं कशासाठी ते बघू.

तर ते बांधलं होतं... चहासाठी!

दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या लोकांना चहाचं भारी वेड होतं. चहा यायचा मुख्यतः चीनमधून. नवी पानं खुडली, सुकवली, पेट्यांत भरली, की ती लंडनला नेण्यासाठी जहाजांची एकच घाई उडायची. कारण हंगामाचा ताजा चहा जो आधी आणेल, त्याला भाव चांगला. शिवाय मिरवायला मिळायचं ते वेगळंच!

जॉक विलिस नावाचा एक जहाजमालक होता. डोक्यावर कायम पांढरी उंच टोपी. त्याला सगळ्यांत वेगवान जहाज हवं होतं. हर्क्युलिस लिंटन नावाच्या तरुणानं त्याचा आराखडा केला आणि स्कॉटलंडमधल्या डंबार्टन गावी काम सुरू झालं. पण जहाज पुरं व्हायच्या आतच बांधणाऱ्या कंपनीचं दिवाळं वाजलं! उरलेलं काम दुसऱ्यांनी पुरं केलं.

आता या जहाजाच्या अंगाकडे बघ. आतला सांगाडा लोखंडाचा. त्यावर बाहेरून जाडजूड लाकडी फळ्या. आणि फळ्यांच्या खालच्या भागावर चक्क पितळेचा पत्रा! जहाजाला पितळ कशाला, असं वाटलं ना? समुद्रात लाकूड पोखरणारे किडे असतात. शिवाय जहाजाच्या बुडाला शेवाळ धरतं, शिंपल्यांसारखे चिवट जीव चिकटून बसतात. त्यांची दाट वस्ती झाली की बुड खरबरीत होतं आणि जहाज रखडत चालतं. पितळेत तांबं असतं. ते या मंडळींना अजिबात मानवत नाही. म्हणून बुड गुळगुळीत राहतं आणि जहाज सुळकन जातं.

आणि जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला कोण आहे माहितीये? एक चेटकीण! लाकडात कोरलेली. पुढे झेपावलेली. तिच्या मुठीत आहे घोडीचं शेपूट!

स्कॉटलंडचे कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या एका कवितेतली ही चेटकीण. ती घोडीवर बसून पळणाऱ्या एका शेतकऱ्याचा पाठलाग करते. चेटकिणींना म्हणे वाहतं पाणी ओलांडता येत नाही. म्हणून शेतकरी घोडी पुलावर घालतो. चेटकीण झेप घेते, पण तिच्या हाती येतं फक्त शेपूट! मला हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. जिला साधा ओढा ओलांडता येत नाही, तिला अर्ध्या जगाचा समुद्र ओलांडायला पुढे बसवलंय!

२२ नोव्हेंबर १८६९ या दिवशी कटी सार्क पाण्यात उतरलं. सगळे खूश! पण थांब. त्याच्या बरोब्बर पाच दिवस आधी, १७ नोव्हेंबरला, दूर इजिप्तमध्ये काय झालं होतं?

सुएझ कालवा उघडला होता!

तोवर युरोपातून चीनला जायचं तर अख्ख्या आफ्रिका खंडाला वळसा घालावा लागे. कालव्यामुळे हजारो किलोमीटर वाचले. पण ते वाचले कुणाचे? आगबोटींचे! शिडाच्या जहाजाला चिंचोळ्या कालव्यातून आपलं आपण जाता येत नाही, दुसऱ्या बोटीनं ओढून न्यावं लागतं. आणि पुढच्या तांबड्या समुद्रात वारा हवा तसा मिळेल याची खात्री नाही. म्हणजे बघ, चहाची शर्यत जिंकायला बांधलेलं नवंकोरं जहाज पाण्यात उतरलं, तेव्हा जवळची वाट दुसऱ्यांसाठी उघडून पाच दिवस झाले होते. काय हे नशीब!

तरी कटी सार्क निघालंच. १८७० च्या फेब्रुवारीत लंडन सोडलं, आफ्रिकेला वळसा घातला आणि शांघाय गाठलं.

तिथे चहा भरायची पद्धत मोठी बघण्यासारखी होती. चहाच्या लाकडी पेट्यांना आतून शिशाचा पातळ पत्रा लावलेला असे, दमट हवा आत शिरू नये म्हणून. जहाजाच्या तळाशी आधी वजनासाठी दगडगोटे पसरायचे. त्यावर पेट्यांचे थर. चिनी कामगार एकेक पेटी लाकडी हातोड्यानं ठोकून अशी घट्ट बसवायचे की मध्ये बोट शिरू नये. का? वादळात जहाज कलंडलं आणि पेट्या एका बाजूला घसरल्या, तर जहाज परत सरळ व्हायचंच नाही!

पहिल्या खेपेला कटी सार्कनं किती चहा आणला असेल? सुमारे ५९२ टन! वही काढ. एका कपाला साधारण ३ ग्रॅम पत्ती धर. किती कप होतील? कर, कर, मी थांबते.

झालं? जवळजवळ २० कोटी कप! एका जहाजातून, एका खेपेत!

बरं, एवढं ओझं घेऊन जहाज चालायचं कसं? त्याला होत्या तीन डोलकाठ्या. मधली सगळ्यांत उंच. डेकपासून मोजली तर ४६ मीटर, म्हणजे पंधरा मजली इमारत. सगळी शिडं उभारली की कापड व्हायचं जवळजवळ ३,००० चौरस मीटर. आणि दोर? सगळे मिळून सुमारे १८ किलोमीटर! खलाशी होऊन आलेल्या नवख्या पोराला त्यातला प्रत्येक दोर ओळखावा लागे. तोही काळोख्या रात्री, नुसत्या हाताच्या स्पर्शानं. चुकीचा दोर सोडला तर काय होईल, विचार कर!

पंचवीस-तीस माणसांत हे सगळं चालायचं. त्यांच्या दोन तुकड्या. एक तुकडी चार तास कामावर, तेव्हा दुसरी झोपणार. मग अदलाबदल. दिवस असो, रात्र असो, वादळ असो. वादळात तर हाक आली की सगळ्यांनीच उठायचं. उंच डोलकाठीवर चढायचं, आडव्या काठीला पोट टेकवायचं, पायाखाली फक्त एक दोर, आणि दोन्ही हातांनी ओलंचिंब, फडफडणारं शीड गुंडाळायचं. जेवायला काय? खारवलेलं मांस आणि दगडासारखी कडक बिस्किटं. बिस्किटांत किडे निघायचे. आधी टेबलावर आपटायची, मग खायची. डब्यात भेंडी आली म्हणून रुसणाऱ्यांनी लक्षात ठेवावं!

तुला आता एक शंका आली असेल. वारा मागून आला तर जहाज पुढे जाणार, हे कळलं. पण वारा समोरून आला तर?

उभ्या चढावर सायकल कशी चालवतोस किंवा चालवतेस, आठव. सरळ गेलं तर दमछाक होते, म्हणून आपण या कडेकडून त्या कडेला नागमोडी जातो ना? जहाजही तेच करतं. वाऱ्याला तिरकं धरून थोडं डावीकडे, मग थोडं उजवीकडे. असं करत करत पुढे! प्रत्येक वळणाला सगळी शिडं फिरवायची. म्हणून जुने कप्तान असा रस्ता निवडत, जिथे वारा पाठीशी असेल. लांबचा असला तरी चालेल, पण वाऱ्याचा हवा!

आता ऐक ती गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त आवडते.

१८७२ चा जून महिना. शांघायहून दोन जहाजं एकाच वेळी निघाली. एक कटी सार्क. दुसरं त्याचं पक्कं प्रतिस्पर्धी, थर्मोपिली. दोघांच्या पोटात चहा. दोघांना जायचं लंडनला. कधी हे पुढे, कधी ते. मग हिंदी महासागरात कटी सार्कनं अशी मुसंडी मारली की सुमारे ४०० सागरी मैलांची आघाडी! जिंकल्यातच जमा!

आणि मग आलं वादळ. १५ ऑगस्टला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ एक प्रचंड लाट आली आणि तिनं जहाजाचं सुकाणूच उखडून नेलं!

सुकाणू म्हणजे जहाजाच्या मागे पाण्यात असलेली भलीमोठी फळी. ती वळवली की जहाज वळतं. ती गेली म्हणजे जहाज वाऱ्याच्या आणि लाटांच्या मर्जीवर!

मालकाचा भाऊ त्याच जहाजावर होता. त्याचा हट्ट, की जवळच्या केप टाऊन बंदरात जाऊ आणि दुरुस्ती करून घेऊ. पण कप्तान जॉर्ज मूडी ऐकेना. बंदरात शिरलो की शर्यत संपली! दोघांची जुंपली. शेवटी मूडीनं ठरवलं: नवं सुकाणू इथेच बनवायचं. भर समुद्रात. वादळात!

काम अंगावर घेतलं जहाजाचा सुतार हेन्री हेंडरसन यानं. जादा ठेवलेल्या डोलकाठ्यांचं लाकूड त्यानं कापायला घेतलं. पण त्याला मदत कोणाची होती, माहितीये? शांघायला दोन माणसं तिकीट न काढता, गुपचूप जहाजात लपून बसली होती. पुढे ती सापडली. आणि काय योगायोग बघ. त्यांतला एक निघाला जहाजाचा सुतार, आणि दुसरा लोहार!

फुकटे पाहुणे लागले की कामाला! डेकवरच भट्टी पेटली. लोखंड तापवून ठोकायचं, तर जहाज हिंदकळतंय आणि लाटा डेकवर येतायत. भात्यावर होता कप्तानाचा मुलगा. एका हिसक्याला भट्टीच उलटली आणि निखारे त्याच्या अंगावर सांडले. त्याला भाजलं, पण काम थांबलं नाही.

चार-पाच दिवस असे गेले. मग ते अवजड सुकाणू जहाजाच्या मागे पाण्यात सोडून, हलत्या जहाजाला, दोरांनी ओढून नेमक्या जागी बसवलं. सायकल पळत असताना तिला नवं हँडल लावून बघ म्हणजे कळेल! (नको, खरंच बघू नकोस.)

पुढे महिन्याभरानं त्याचेही खिळे तुटले. ते परत काढलं, परत दुरुस्त केलं, परत बसवलं. आणि त्याच्या जिवावर कटी सार्क लंडनला पोचलं. किती दिवसांत? १२२.

थर्मोपिली ११५ दिवसांत, म्हणजे आठवडाभर आधीच पोचलं होतं. शर्यत हरली! पण लंडनमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी नाव मात्र कटी सार्कचं. हेंडरसनला ५० पौंडांचं बक्षीस मिळालं. कप्तान मूडीनं मात्र जहाज सोडलं. भांडणानं त्याचं मन उडालं असावं.

आता तुला एक आश्चर्य सांगते. हे जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध चहाचं जहाज. पण चहाच्या एकाही हंगामात ते पहिलं आलं नाही! एकदाही नाही! आठ वर्षं चहा वाहिला, आणि मग ते कामही गेलं. चहा आगबोटींतून सुएझमार्गे जाऊ लागला.

मग काय करणार? मिळेल ते काम! कधी कोळसा, कधी ताग. १८८१ मध्ये तर ते आपल्या बंगालमधून ताग, चहा, टपाल आणि एरंडेल घेऊन ऑस्ट्रेलियाला निघालं. होय, तेच ते एरंडेल! नाक मुरडू नकोस.

आणि ऑस्ट्रेलियानंच त्याचं नशीब फिरवलं. कशानं? मेंढ्यांनी!

तिथे मेंढ्यांची लोकर कातरली जायची आणि लंडनला तिचे लिलाव व्हायचे. लिलाव गाठायचा तर घाई हवीच. पण आगबोटीचं काय? अंतर प्रचंड. वाटेत कोळसा भरायला ठिकाणं फारशी नाहीत, आणि सगळा कोळसा बरोबर घ्यावा तर लोकर कुठे ठेवायची? शिडांना मात्र तिथे मेजवानी! कारण पृथ्वीच्या त्या दक्षिण भागात पश्चिमेकडून सोसाट्याचे वारे वाहतात. त्यांना अडवायला मध्ये जमीनच फारशी नाही.

लोकर हलकी असते आणि फुगते. मग जास्त कशी मावणार? मोटारीचं चाक बदलताना जॅक लावतात ना, तसे स्क्रूचे जॅक लावून लोकरीचे गठ्ठे जहाजात दाबून दाबून भरायचे! १८८३ मध्ये पहिल्याच लोकर खेपेला ४,२८९ गठ्ठे बसले. आणि ते ८३ दिवसांत लंडनला! त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याही जहाजाला हे जमलं नाही. सगळ्यांत जवळचं जहाजही पंचवीस दिवसांनी मागे होतं.

१८८५ मध्ये आला आपला सायकलवाला कप्तान. त्यानं पहिल्याच वर्षी सिडनी ते लंडन ७३ दिवसांत गाठलं! तो जहाज खूप खाली दक्षिणेकडे न्यायचा, जिथे वारे आणखी जोरात. बर्फाचे डोंगर तरंगतायत अशा पाण्यात! बाकीचे कप्तान शिडं उतरवायचे, तेव्हा हा चढवायचा. जहाज ताशी ३२ किलोमीटरपर्यंत धावलं. म्हणजे गल्लीत स्कूटर जाते तसं, पण शेकडो टन लोकर घेऊन आणि फक्त वाऱ्यावर.

आता ती आगबोटीची गंमत! २५ जुलै १८८९ ची रात्र. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ ब्रिटानिया नावाची झकपक टपालबोट चालली होती. वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास. तिच्यावरच्या अधिकाऱ्याला मागे दिवे दिसले. दिवे जवळ येत होते. आपल्याला गाठणारी ही आगबोट कुठली? त्याला काही समजेना. जवळ आल्यावर बघतो तर काय, वर शिडंच शिडं! कटी सार्क शेजारून निघून पुढे गेलं!

पुढे आगबोटी आणखी सुधारल्या. १८९५ मध्ये कटी सार्क १,२५० पौंडांना एका पोर्तुगीज कंपनीनं विकत घेतलं. नाव बदललं, फेरेरा झालं. १९१६ मध्ये वादळात डोलकाठ्याही मोडल्या. जहाज जुनं, बेढब दिसू लागलं.

१९२२ मध्ये ते वादळातून वाचायला इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात शिरलं. तिथे होते कप्तान विल्फ्रेड डाउमन. त्यांनी बघितलं आणि ओळखलं! ते शिकाऊ खलाशी असताना, कटी सार्क त्यांच्या जहाजाला मागे टाकून भरधाव गेलं होतं. ते दृश्य डोळ्यांपुढून हललंच नव्हतं. त्यांनी ते ३,७५० पौंडांना विकत घेतलं. विकलं होतं त्याच्या तिप्पट पैसे मोजून! आणि परत नीट शिडं चढवली.

१९५४ पासून ते लंडनमध्ये ग्रीनिचला कोरड्या गोदीत उभं आहे. ग्रीनिच म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातलं शून्य रेखावृत्त जिथून जातं, तेच!

२००७ च्या मे महिन्यात तिथे आग लागली. दुरुस्ती चालू होती, आणि आग लागली ती बहुधा चालू राहिलेल्या एका मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरमुळे! जुनं लाकूड, काय राहणार? पण नशीब बलवत्तर. दुरुस्तीसाठी डोलकाठ्या आणि बऱ्याच फळ्या आधीच काढून दुसरीकडे नेल्या होत्या. चेटकीणही त्यांच्याबरोबर गेली होती, तीही बचावली!

२०१२ मध्ये जहाज पुन्हा उघडलं. आता ते तीन मीटर उचलून धरलंय. त्यामुळे आपल्याला चक्क त्याच्या बुडाखाली फिरता येतं. मान वर केली की तो पितळी पत्रा, दिव्यात चकाकणारा. आणि ऐक, हल्ली तिथे पाहुण्यांना डोलकाठीच्या दोरांवर चढूनही बघता येतं. कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट, शेजारी सांभाळणारी माणसं. तरीसुद्धा खाली बघितलं की पोटात गोळा येतो म्हणे!

तू चढलास किंवा चढलीस, तर वर पोचल्यावर आधी कोणाला हाक मारशील?